बाळ सहाव्या दिवशी का बिघडतं? एनआयसीयूतला उशिराचा जंतुसंसर्ग

इनचार्ज_सिस्टर

कोल्हापुरातल्या कुठल्याही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम करणाऱ्याला हे चित्र पाठ असेल. ३१ आठवड्यांचं, १२०० ग्रॅमचं बाळ. पहिले तीन दिवस सीपॅप (नाकातून दाबानं हवा), नाभीतून लाईन (शिरेत घातलेली बारीक नळी), सलाईन. मग ऑक्सिजन कमी होतो, दूध सुरू होतं, बाहेर बाकड्यावर बसलेली आजी पहिल्यांदा पोटभर जेवते. आणि सहाव्या दिवशी पहाटे बाळाचा श्वास मध्येच थांबतो, पोट फुगतं, अंगावर जाळीसारखे डाग उमटतात. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन येतो, रक्तात क्लेबसिएला हा जंतू.

जन्मानंतर ७२ तास उलटल्यावर होणाऱ्या या संसर्गाला लेट ऑनसेट सेप्सिस म्हणतात. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला संसर्ग बहुधा त्याआधीच दिसतो. हा मात्र बहुतेक वेळा वॉर्डातच मिळालेला असतो.

प्रश्न सरळ आहे. एका विभागाला या वर्षी एकच गोष्ट बदलता येणार असेल तर कोणती बदलावी? यंत्र, औषध, इमारत, काहीही सांगा, पण कारणासकट. माझं मत आधीच सांगते: सलाईनच्या जोडाला (सलाईनची नळी आणि लाईन जुळतात त्या जागेला) हात लावण्याची पद्धत.

सूक्ष्मदर्शक

चांगला विषय. आधी जंतूंबद्दल. परदेशी पुस्तकांत या आजारात पहिलं नाव कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफचं असतं, म्हणजे कातडीवरचा जंतू. आपल्याकडे ग्रॅम निगेटिव्ह (क्लेबसिएला, ई. कोलाय यांचा गट) पुढे आहेत. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अॅसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के आणि ई. कोलाय १४ टक्के होते, आणि बरेचसे बहुऔषधरोधक.

सिस्टर, एका मुद्द्यावर मात्र तुमच्याशी असहमत. त्याच अभ्यासात जवळजवळ दोन तृतीयांश संसर्ग ७२ तासांच्या आत झाले होते, आणि जंतू तेच, वॉर्डात सापडणारे. म्हणजे ७२ तासांची रेघ पुस्तकात जितकी ठळक आहे तितकी आपल्याकडे नाही. लेबर रूममधला सक्शनचा कॅथेटर, अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), वॉर्मरची गादी, सुरुवात तिथूनच होते. 'आईकडून आला' म्हणून हात झटकायला आपल्याला जागा नाही.

इनचार्ज_सिस्टर

@सूक्ष्मदर्शक, मान्य. लेबर रूम धाग्यात घेतली.

रंकाळा_वारं

जोड नीट पुसा हे बरोबरच. पण त्याहून चांगलं म्हणजे पुसायला जोडच उरू नये. माझं उत्तर: लाईन वेळेवर काढा. आणि लाईन वेळेवर निघायची असेल तर दूध वेळेवर वाढलं पाहिजे.

हिशेब मांडते. १२०० ग्रॅमचं बाळ, दर दोन तासांनी दूध, म्हणजे दिवसाला १२ वेळा. पहिल्या दिवशी किलोमागे ३० मिली, म्हणजे एकूण ३६ मिली, दर वेळी ३ मिली. रोज किलोमागे ३० मिलीनं वाढवलं तर दुसऱ्या दिवशी ६ मिली, तिसऱ्या दिवशी ९, चौथ्या दिवशी १२ मिली. १२ मिली गुणिले १२ म्हणजे १४४ मिली, किलोमागे १२०. इथे लाईन निघू शकते. सहाव्या दिवसाची पहाट उजाडते तेव्हा बाळाच्या नाभीत काहीच नसतं.

इतक्या वेगानं वाढवलं तर आतडं सडेल, ही भीती जुनी आहे. ब्रिटनमध्ये २८०४ बाळांवर रोज किलोमागे १८ मिली विरुद्ध ३० मिली वाढ अशी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आले. आतड्याचा आजारही वाढला नाही आणि संसर्गातही फरक पडला नाही. सलाईनचे दिवस मात्र कमी झाले.

नाभीतली व्हेनस लाईन सात दिवसांच्या वर ठेवू नका. पुढेही गरज असेल तर वेळेत पिक लाईन (हातापायाच्या शिरेतून आत नेलेली लांब, बारीक नळी) घाला. आणि रोजच्या राऊंडला एक वाक्य मोठ्यानं म्हणा: "आज ही लाईन कशासाठी आहे?" उत्तर 'असू दे, रक्त काढायला बरी पडते' असेल तर काढा.

रात्रपाळी

मॅडम, हिशेब छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. एकच भर. दूध आईचंच हवं. ३ मिली चीक काढायला आईला कुणी शिकवलं नाही की दुसऱ्या दिवशी पावडर येते, आणि तिथे हा हिशेब मोडतो.

गगनबावडा_रोड

मी डॉक्टर न्हाई, बाहेर काचेतनं बघणाऱ्यांपैकी. बापानं काय करायचं ते बी कुणीतरी सांगा. नुसतं 'बाहेर थांबा' एवढंच ऐकू येतंय.

रात्रपाळी

@गगनबावडा_रोड, दादा, तुमच्या हातात सगळ्यात मोठं औषध आहे, ते म्हणजे दूध आणणं.

आईला प्रसूतीनंतर पहिल्या तासाभरात, फार तर सहा तासांत हातानं दूध काढायला बसवा. अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायचं, मग एकमेकांकडे. नुसतं टोक ओढायचं नाही. दिवसातून आठ वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री. पहिल्या दिवशी थेंबच येतात, ते थेंबच हवेत. झाकणाची छोटी स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळून घ्या. वाटी कोरडी करायला पदर किंवा रुमाल लावू नका, उलटी ठेवून निथळू द्या. बाहेर चार तासांपर्यंत दूध चालतं, त्याहून उशीर होणार असेल तर फ्रिज. डब्यावर नाव आणि वेळ लिहा. घरून बोंडलं आणू नका, त्याची तोटी आतून घासता येत नाही. वाटी-चमचा किंवा आमची पळी बरी.

आणि कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी धरायला बापही चालतो. विचारा, संकोच करू नका.

औषधमात्रा

फार्मसीच्या बाजूनं लिहितो. या धाग्यात लाईन आली, हात आले, पण कुपी अजून आली नाही.

अमिकॅसिन या अँटिबायोटिकची कुपी १०० मिलिग्रॅम, २ मिली. १२०० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १८ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.३६ मिली. कुपीत १.६४ मिली उरतं. ते टाकायला जीव होत नाही. मग बुचात एक सुई खोचून ठेवली जाते आणि पुढच्या चार बाळांचे डोस तिच्यातून निघतात. ती सुई म्हणजे कुपीचं उघडं तोंड. त्यात एकदा जंतू गेला की एकाच आठवड्यात चार बाळांच्या रक्तात तोच जंतू, तीच रेझिस्टन्स. अशी चौकडी दिसली की हातांच्याही आधी कुपी तपासा.

दुसरं डेक्स्ट्रोज. १० टक्के हाताशी नसलं की ५ टक्केचे ७५ मिली आणि २५ टक्केचे २५ मिली मिसळून १०० मिली बनवतात. गणित बरोबर आहे, जागा चुकीची असते: सिंकशेजारचा ओटा. क्लेबसिएला आणि एंटरोबॅक्टर हे कुटुंब साध्या खोलीच्या तापमानाला डेक्स्ट्रोजमध्ये मजेत वाढतं, आणि बाटली डोळ्यांना स्वच्छच दिसते. अमेरिकेत १९७०-७१ साली सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांतून अशी मोठी साथ अनेक रुग्णालयांत पसरली होती.

उपाय महाग नाही. सिंकपासून दूर एक टेबल फक्त औषधं भरायला ठेवा. सकाळी एकाच माणसानं हात धुऊन, मास्क लावून दिवसाचे डोस भरायचे, लेबल लावायचं, जे फ्रिजमध्ये टिकतं तेवढंच ठेवायचं. उरलेलं टाकायचं. लाईन फ्लश करायचं सलाईन प्रत्येक बाळाला वेगळं. अख्ख्या वॉर्डाला एक हेपरिन-सलाईनची बाटली, ही पद्धत आजच बंद करा.

आकडे_बोलतात

अनुमोदन. कुपीचा मुद्दा डोळे उघडणारा आहे.

पण ओळखायचं कसं, त्यावर कुणी लिहिलं नाही. रोज सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) केला तर लवकर पकडता येणार नाही का?

सूक्ष्मदर्शक

नाही. सीआरपी यकृतात तयार होतो आणि रक्तात वाढायला सहा ते बारा तास घेतो. बाळ पहाटे चारला बिघडलं आणि साडेचारला पाठवलेला सीआरपी नॉर्मल आला, तर त्याचा अर्थ काहीच नाही. त्या कागदाच्या भरवशावर औषध थांबवणं धोक्याचं. उलट २४ तासांच्या अंतरानं दोन सीआरपी नॉर्मल आले आणि बाळ हसतंखेळतं असेल, तर तो औषध बंद करायला चांगला आधार. म्हणजे सीआरपी थांबण्यासाठी वापरा, सुरू करण्यासाठी नको.

आपल्याकडची सेप्सिस स्क्रीन, म्हणजे पांढऱ्या पेशी ५००० च्या खाली, कमी न्यूट्रोफिल, कच्च्या-एकूण पेशींचं प्रमाण ०.२ च्या वर, मायक्रो ईएसआर वाढलेला, सीआरपी १० च्या वर, यांतल्या दोन गोष्टी आल्या तर 'पॉझिटिव्ह'. तिचंही तेच. निगेटिव्ह आली तर उपयोगाची, पॉझिटिव्हवर फार विसंबू नका.

रात्रपाळी

लवकर पकडतो तो बाळाकडे बघणारा माणूस. "आज हे बाळ नेहमीसारखं नाही" असं सिस्टर म्हणाली तर ती तक्रार चार्टवर वेळेसकट लिहा.

बघायचं काय ते सांगते. काल दूध पचत होतं, आज नळीतून हिरवट परत येतंय. कालपर्यंत दिवसाला एखादा अॅप्निया (श्वास मध्येच थांबणं), आज सकाळपासून चार. वॉर्मरचं तापमान न बदलता बाळ ३६ वर आलं. तळहाताची मागची बाजू आधी पोटाला, मग पावलाला लावा. पोट गरम आणि पाऊल गार म्हणजे रक्त हातापायांतून आत खेचलं जातंय. छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा, रंग परतायला तीन सेकंदांच्या वर लागले तर डॉक्टरांना उठवा. साखर विनाकारण वर-खाली होत असेल तर तीही खूणच.

हृदयाच्या ठोक्यांतली चढउतार आधीच सपाट होते, हे मोजणारी यंत्रं परदेशात आहेत. ३००३ बाळांच्या चाचणीत, २०११ साली, तो आकडा डॉक्टरांना दाखवल्यावर मृत्यू १०.२ वरून ८.१ टक्क्यांवर आले. यंत्र नसलं तरी त्यातून एवढं कळतं की बाळ आधी सांगतं, लॅब नंतर.

रंकाळा_वारं

रात्रपाळीच्या पोस्टला +१०१.

आता संशय आला की पहिलं काम कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी), दुसरं औषध, आणि दोन्हींत फार तर तासाभराचं अंतर. कल्चर कसं घ्यायचं ते सूक्ष्मदर्शक सरांनी लिहावं, कारण निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

सूक्ष्मदर्शक

लिहितो, सविस्तर.

रक्त १ मिली. ०.३ मिली नाही. नवजात बाळाच्या रक्तात जंतू कधी कधी इतके विरळ असतात की अर्ध्या मिलीत एकही सापडत नाही, आणि मग 'कल्चर निगेटिव्ह सेप्सिस' नावाचं भूत दहा दिवस मानगुटीवर बसतं. १००० ग्रॅमच्या बाळात साधारण ८०-९० मिली रक्त असतं. १ मिली त्याला परवडतं, दहा दिवसांचं नको असलेलं औषध परवडत नाही.

ताजी शीर निवडा. जुन्या लाईनमधून घेतलेल्या रक्तात लाईनच्या तोंडावरचे जंतूही येतात. आधी स्पिरीट, मग क्लोरहेक्सिडिन किंवा पोविडोन आयोडीन, आतून बाहेर गोल फिरवत. आणि इथे सगळे चुकतात: सुकू द्या. फुंकर घालायची नाही, कापसानं टिपायचं नाही. जंतू मरतात ते सुकण्याच्या अर्ध्या-एक मिनिटात. पुसल्यानंतर शीर शोधायला पुन्हा बोट लावलं तर सगळं पहिल्यापासून. अगदी छोट्या बाळाची कातडी पातळ असते, काम झाल्यावर उरलेलं औषध स्टराईल पाण्यानं पुसून काढा, नाहीतर भाजल्यासारखं होतं.

बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उघडलं म्हणजे खालचं रबर निर्जंतुक आहे असं नसतं. तेही स्पिरीटनं पुसा, सुकवा, मग रक्त घाला. फॉर्मवर जागा, वेळ आणि आधी दिलेलं औषध लिहा.

कातडीवरचा स्टॅफ एकाच बाटलीत, तोही दोन दिवसांनी वाढला आणि बाळ ठणठणीत असेल, तर तो बहुधा घेणाऱ्याच्या किंवा बाळाच्या कातडीचा. दोन कल्चरमध्ये तोच आला तर गंभीरपणे घ्या. खरे जंतू बहुतेक ३६ तासांत मशीनमध्ये वाजतात (जंतू वाढले की मशीन इशारा देतं), ग्रॅम निगेटिव्ह त्याहूनही आधी.

तातडी_विभाग

हे सगळं ठीक. पण शॉकमधल्या ९०० ग्रॅमच्या बाळाला सौम्य औषध देऊन ३६ तास वाट बघायची का? थेट मेरोपेनेम हे जोरकस अँटिबायोटिक सुरू करावं, असं माझं स्पष्ट मत. उशीर झाला तर बाळ जातं.

रंकाळा_वारं

@तातडी_विभाग, शॉकमधल्या बाळाबद्दल वाद नाही. तिथे आपल्या विभागाच्या अँटिबायोग्रामप्रमाणे (कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं त्या तक्त्याप्रमाणे) जे लागू पडेल ते, पहिल्या तासात. वाद आहे तो पोट जरा फुगलं, एक अॅप्निया आला, त्या बाळाला मेरोपेनेम देण्याबद्दल आणि मग ते दहा दिवस चालू ठेवण्याबद्दल.

तिसऱ्या पिढीची सेफालोस्पोरिन्स ही अँटिबायोटिक्स सरसकट वापरली की ईएसबीएलवाले (ही औषधं निकामी करणारे) जंतू निवडून निवडून वाढतात आणि मागोमाग कॅन्डिडा ही बुरशी येते. मेरोपेनेम सरसकट वापरलं की कोलिस्टिन या राखीव औषधाशिवाय हातात काही उरत नाही. जन्मानंतर विनाकारण पाच दिवसांहून जास्त अँटिबायोटिक मिळालेल्या छोट्या बाळांत पुढे आतड्याचा आजार आणि मृत्यू जास्त दिसले आहेत.

म्हणून सुरू करतानाच चार्टवर ४८ तासांनंतरची वेळ लिहा. त्या वेळी कल्चर निगेटिव्ह आणि बाळ चांगलं: बंद. पॉझिटिव्ह: ज्याला जंतू बळी पडतो त्यांतलं सगळ्यात साधं औषध, १० ते १४ दिवस. आणि पाठीतलं पाणी तपासायला विसरू नका. १५०० ग्रॅमखालच्या मेंदूज्वर झालेल्या बाळांपैकी एक तृतीयांशांचं रक्ताचं कल्चर निगेटिव्ह होतं, हे २००४ सालीच छापून आलंय. ग्रॅम निगेटिव्ह मेंदूज्वर निघाला तर २१ दिवस, डोस वेगळा, आणि अमिकॅसिनवर भिस्त नको कारण ते मेंदूच्या पाण्यात नीट पोचत नाही.

तातडी_विभाग

४८ तासांची वेळ आधीच लिहून ठेवायची, हे पटलं. औषध बंद करायचा धीर रविवारी ड्युटीवरच्या कुणालाच होत नाही, तो कागदानं दिला तर होईल.

चंदगड_घाट

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. पावसात आणखी वेळ. पाठवताना पहिला डोस द्यावा का?

रंकाळा_वारं

द्या. जमलं तर आधी कल्चरची बाटली भरा आणि बाळासोबतच पाठवा. औषधाचं नाव, डोस, वेळ चिठ्ठीवर. साखर बघून निघा. श्वास नीट असेल तर आईच्या छातीशी, टोपी-मोजे घालून. गार पडलेलं बाळ वाटेतच जास्त बिघडतं.

कुंभार_गल्ली

एक शंका. आई, आजी यांना आत सोडल्यानं संसर्ग वाढणार नाही का? आम्ही तर ऐकलंय की जितकी माणसं कमी तितकं चांगलं.

इनचार्ज_सिस्टर

आई आणि पाहुणे यांत फरक करा. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या ३२११ बाळांवर भारतासह पाच देशांत चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. जन्मल्यापासून आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १५.७. सेप्सिसचा संशयही कमी. आईच्या कातडीवरचे जंतू बाळात घर करतात आणि वॉर्डातल्या जंतूंना जागा उरत नाही, असं त्याचं एक कारण मानतात.

पण आत येताना कोपराखाली काही नको. आपल्याकडे इथेच अडतं. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या, काळा दोरा, अंगठी. 'बांगड्या काढा' म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरतो. त्यांना नीट सांगायचं, बांगड्या वाढवायच्या नाहीत, साबण लावून उतरवायच्या, नावाच्या डबीत ठेवायच्या आणि घरी जाताना पुन्हा चढवायच्या. मग कुणी नाही म्हणत नाही. अंबाबाईचा अंगारा पुडीसकट बाहेर आईच्या पिशवीत राहू दे, बाळाच्या कपाळाला आणि गादीखाली नको. काजळ नको.

पहिल्यांदा आत येताना दोन मिनिटं कोपरापर्यंत साबण. त्यानंतर प्रत्येक बाळाच्या आधी आणि नंतर हँडरब, तळहातभर, २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत. अंगठा आणि नखांची टोकं हमखास राहतात.

औषधमात्रा

प्रोबायोटिकबद्दल कुणी विचारायच्या आधी: ओडिशात ४५५६ बाळांवरची चाचणी २०१७ मध्ये आली, सेप्सिस किंवा मृत्यू ९ वरून ५.४ टक्क्यांवर. पण ती खेड्यातली, २ किलोच्या वरची, आईचं दूध पिणारी बाळं होती. एनआयसीयूतल्या ९०० ग्रॅमच्या बाळाला ते लावू नका. अमेरिकेच्या एफडीएनं २०२३ मध्ये अशा छोट्या बाळांबाबत इशाराही दिलाय. आणि रॅनिटिडीन 'पोटासाठी' देऊ नका, पोटातलं आम्ल हे जंतूंविरुद्धचं पहिलं कुंपण आहे.

रात्रपाळी

जुलै-ऑगस्टचं एक. पंचगंगा पात्राबाहेर आली की इथे आठवडाभर कपडा वाळत नाही. ओलसर राहिलेल्या कपड्यांतून बॅसिलस सिरियस नवजात विभागांत पसरल्याच्या नोंदी आहेत. बाळाची दुपटी, टोप्या ड्रायरमधून पूर्ण कोरड्या करूनच कपाटात. इन्क्युबेटरच्या आणि ऑक्सिजनच्या बाटलीत स्टराईल पाणी, रोज ओतून, वाळवून, नवीन. वरून भर घालायची नाही. आणि मावशींना सिंकचं फडकं आणि वॉर्मरचं फडकं वेगळ्या रंगाचं द्या.

कुंभार_गल्ली

नाद खुळा माहिती. पण सिस्टर, मूळ प्रश्नाचं काय झालं? एकच गोष्ट कोणती?

इनचार्ज_सिस्टर

सगळं वाचून मत थोडं बदललं. जोड पुसणं मी सोडणार नाही: सीलबंद स्पिरीट स्वॅब, लिंबू पिळताना मनगट फिरतं तसं १५ सेकंद घासायचं, सुकू द्यायचं. स्टीलच्या वाटीत सकाळी भिजवलेले बोळे चालणार नाहीत, दुपारपर्यंत स्पिरीट उडून जातं आणि उरतं ते पाणी. पण रंकाळा मॅडमची 'आज लाईन कशासाठी' ही ओळ मी पहिली घेईन, कारण ती मोजता येते.

वहीत चार रकाने. तारीख, लाईन असलेली बाळं किती, आज जोड किती वेळा उघडला, आज लाईन का ठेवली. महिनाअखेरीस लाईनवाल्या बाळांची रोजची बेरीज म्हणजे लाईन-दिवस. समजा ६० लाईन-दिवस आणि एक संसर्ग, तर हजारामागे १६.७. पुढच्या महिन्यात तोच आकडा पुन्हा काढायचा. औषधांच्या वेळा जुळवून घेतल्या की दिवसाला दहादा उघडणारा जोड चार-पाचदाच उघडतो, तेही या वहीतच दिसतं.

सूक्ष्मदर्शक

वही चालू करा, लॅबकडून एक रकाना मी सुचवतो: कल्चर घेतल्याची वेळ आणि बाटली मशीनमध्ये गेल्याची वेळ. शनिवारी रात्री घेतलेली बाटली सोमवारपर्यंत ट्रेमध्ये पडून राहते, तिथे सगळी मेहनत वाया जाते. रात्री लॅब बंद असेल तर बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवा, फ्रिजमध्ये कधीच नाही, आणि सकाळी पहिल्या माणसाबरोबर पाठवा. बाटली वाजली की ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मिळणारा पहिला अंदाज) आम्ही फोनवर सांगतो, त्यासाठी फॉर्मवर वॉर्डातल्या ड्युटीच्या फोनचा नंबर लिहा, ओपीडीचा नको.